अंड्याचं वेगळं पातेलं

आमच्या घरातलं एक पातेलं स्वयंपाकघरात येत नाही. त्याचा मुक्काम मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, जुन्या इंडक्शनवर. स्टीलचं आहे, बाहेरून चांगलं, पण आत कडेला पाण्याची पांढरट रेघ बसलीय ती कितीही घासा जात नाही. त्याचा चमचा वेगळा, मिठाची डबी वेगळी, घासणीसुद्धा वेगळी. सासूबाई त्याला नुसतं "ते" म्हणतात. "ते घासलं का?" "ते आत आणू नकोस हं." लेकाने अकरावीत जिम लावली तेव्हा घरात जो तह झाला त्यातलं हे एक कलम, अंडी खा बाबा पण ओट्यावर नाही, फ्रीजमध्ये नाही, आणि चतुर्थी-एकादशीला नावच काढायचं नाही.

मी स्वतः माहेरी अंडी खाऊन वाढलेली. नाशिकरोडला आमच्या चाळीत रविवारी सकाळी निम्म्या घरांतून ऑम्लेटचा वास यायचा आणि उरलेली निम्मी घरं खिडक्या लावून घ्यायची. लग्न होऊन तिडके कॉलनीत आले आणि सोडली. कुणी सोड म्हणालं नव्हतं, पण नव्या सुनेला काही गोष्टी न सांगता कळतात. त्यामुळे अठरा वर्षांनी लेकाच्या निमित्ताने दुकानातून अंडी आणायला लागले तेव्हा अगदी गुन्हा केल्यासारखं वाटायचं, त्यात दुकानदारपण न मागता काळ्या पिशवीत घालून देतो. कांदे पारदर्शक पिशवीत आणि अंडी काळ्या, हे कुणी ठरवलं देव जाणे.

तर एकीकडे हे पातेलं. आणि दुसरीकडे ज्यूसर.

ज्यूसर आला मागच्या दिवाळीत. नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल थोडं वर सरकलं होतं म्हणून तो सकाळी गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर चालायला जायला लागला (मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिकमध्ये रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हटलं तरच कळतं). तिथे बाहेर सकाळी ज्यूसवाले असतात, दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, बीट, सगळं हिरवं-लाल ओळीने मांडलेलं, आणि चालण्यापेक्षा तिथे उभं राहून गप्पा मारणाऱ्यांचीच गर्दी जास्त. नवऱ्याने सगळे करून बघितले आणि शेवटी गाजरावर स्थिरावला, कारण पिताना तोंड वाकडं होत नाही असा तो एकच. मग रोज बाहेर कशाला पैसे घालवायचे म्हणून मशीन आणलं, म्हणजे झालं असं की बाहेरचा एक चालूच राहिला आणि घरचा एक वाढला. या मशीनला ओट्यावर खिडकीजवळची जागा मिळाली, दसऱ्याला हळदकुंकू लागलं नाही एवढंच. एकाला ओटा आणि एकाला गॅलरी, मी रोज दोघांच्या मधून ये-जा करणार.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी नाश्त्याला जुंपली. लेक गॅलरीतून अंडी सोलून घेऊन आला, बाप ग्लास घेऊन बसलेला.

"पप्पा, तुम्ही रंगीत साखरपाणी पिताय."

"आणि तू काय खातोस ते तुझ्या आजीला विचार."

"आई, तू सांग ना, जास्त ताकद कशात, एका अंड्यात का एका ग्लासात?"

मला कशाला विचारलं तर मी हिशेबाची बाई. वीस वर्षं एका होलसेलरकडे अकाउंट्स बघतेय, त्यामुळे घरात कुणाचंही भांडण आलं की माझ्याकडे ताळेबंद मागतात. मीपण हौसेने लाइटबिलाच्या मागे दोन रकाने आखले आणि मोबाइलवर आकडे शोधून शोधून भरायला घेतले.

एक मोठं अंडं, टरफल काढून ५० ग्रॅम, त्यात ७२ कॅलरी, सहा ग्रॅमच्या वर प्रोटीन, पाच ग्रॅमच्या आसपास फॅट, कार्बोहायड्रेट नावाला. आपल्याकडे ट्रेमध्ये येतात ती याच्याहून जरा लहानच, पण मापाला मोठं धरलं. आणि एक ग्लास गाजराचा ज्यूस, २३६ ग्रॅमचा, त्यात ९५ च्या आसपास कॅलरी, प्रोटीन दोन ग्रॅम, फॅट जवळजवळ नाहीच, साखर नऊ-दहा ग्रॅम, पोटॅशियम मात्र भरपूर, ७०० मिलिग्रॅमच्या जवळ. म्हणजे एका अंड्याएवढं प्रोटीन पाहिजे तर तीन ग्लास प्यायचे. शिवाय अंड्याचं प्रोटीन पूर्ण म्हणतात तसलं, शरीराला स्वतः बनवता न येणारी सगळी अमिनो आम्लं त्यात हवी त्या प्रमाणात असतात. लेकाने टेबलावर बुक्की मारली.

मग व्हिटॅमिन ए च्या ओळीला आले. अंड्यात ८० मायक्रोग्रॅम. ज्यूसमध्ये २२०० च्या वर. मी दोनदा बघितलं, मला वाटलं शून्य जास्त पडलंय. भागाकार केला तर अठ्ठावीस आले, म्हणजे त्या एका ग्लासाची बरोबरी करायला अठ्ठावीस अंडी, ट्रेला दोन कमी! मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ७०० ते ९००, म्हणजे एकाच ग्लासात अडीच-तीन दिवसांची सोय. आता बापाने बुक्की मारली, ग्लास हिंदकळला आणि माझ्या टेबलक्लॉथवर केशरी डाग पडला तो अजून आहे.

पुढच्या ओळी सगळ्या एकतर्फीच निघाल्या. बी-१२, डी, कोलिन (हेही जीवनसत्त्वासारखंच एक) हे अंड्याच्या रकान्यात, गाजराकडे बी-१२ आणि डी नाहीच. सी आणि फायबर ज्यूसच्या रकान्यात, अंड्यात दोन्ही शून्य. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ही दोन दुकानंच वेगळी, एक किराण्याचं आणि एक कापडाचं, नफा कुणाला जास्त ते काढता येईल पण त्याने घरात साखर नाही आणि अंगावर कपडा नाही हा प्रश्न सुटत नाही. हे मी बोलून दाखवलं तर दोघांनी "म्हणजे मीच जिंकलो" असं म्हणून ताटं सरकवली आणि उठले.

ताटं उचलताना मला खरी गंमत दिसली. लेकाच्या ताटात तीन पिवळे बलक. चार अंडी घेतो, एक आख्खं खातो, बाकीच्या तिघांचं नुसतं पांढरं खातो, जिममधल्या कुणीतरी सांगितलंय की पिवळ्यात फॅट असतं. आणि सिंकजवळ ज्यूसरचं भांडं, त्यात गाजराचा चोथा, भुसभुशीत, फिकट, हातात घेतला तर चांगला दोन मुठी.

मी परत लाइटबिल काढलं. अंड्याच्या सहा ग्रॅम प्रोटीनपैकी साडेतीनच्या आसपास पांढऱ्यात आणि पावणेतीनच्या आसपास पिवळ्यात. तीन बलक टाकले म्हणजे आठ ग्रॅम प्रोटीन टाकलं, आणि हाच मुलगा महिन्याला पावडरचा डबा आणतो, त्याची किंमत मी इथे लिहीत नाही, सासूबाई नातवंडांचं लिहिलेलं आवडीने वाचतात, चुकून हेही वाचतील. डी, ए, कोलिन, डोळ्यांसाठी चांगलं म्हणतात ते ल्युटिन, हे जवळपास सगळं पिवळ्यातच. पांढऱ्यात प्रोटीन आणि पाणी. त्या ल्युटिनचं तर मला फारच नवल वाटलं, बलकाला पिवळा रंग त्याच्यामुळे आणि त्याच्या भावंडांमुळे येतो, कोंबडी मका खाते त्यातून तो येतो, आणि बलक जास्त गडद दिसावा म्हणून पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात. दसऱ्याला आपण दाराला लावतो तोच झेंडू. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही, उगाच तोरणावर संशय नको.

आणि गाजराचं काय, तर शंभर ग्रॅम कच्च्या गाजरात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, गाळून प्यायलं की त्यातलं बहुतेक त्या चोथ्यात राहतं. चोथा मी टाकत नव्हते, जीव होत नाही, थालीपिठाच्या भाजणीत मळायचे, कधी पराठ्यात. बलकातला एक मी उभ्याउभ्या मीठ लावून खायचे आणि दोन खालच्या मांजराला. म्हणजे बघा, एक पांढरं खाऊन खूश, एक पाणी पिऊन खूश, आणि उरलंसुरलं संपवणारी बाई बलक आणि चोथा खाऊन बसलेली. दोन महिन्यांत मांजराचं अंग असं काही चमकायला लागलं की बिल्डिंगमधल्या मुलांनी तिचं नाव हिरोईन ठेवलं. माझ्यात कुणाला काही फरक दिसला नाही.

बलकातल्या कोलेस्टेरॉलबद्दल नवरा बोललाच. बोलणार, त्याचा विषय तो. एका अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि सगळं पिवळ्यातच, हे खरं. दिवसाला ३०० च्या वर नको हा नियम अमेरिकेच्या आहाराच्या सल्ल्यात वर्षानुवर्षं होता, तो आकडा त्यांनी २०१५ साली काढून टाकला, कारण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं आणि रक्तातलं वाढायला तूप-लोणी-डालड्यातलं सॅच्युरेटेड फॅट जास्त जबाबदार. याचा अर्थ डायबिटीस असलेल्याने रोज ट्रे संपवावा असा नाही, त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. पण अठरा वर्षांच्या, रोज दीड तास लोखंड उचलणाऱ्या पोराने बलक मांजराला घालावा एवढं त्यात घाबरण्यासारखं मला तरी दिसलं नाही.

मध्ये एकदा त्याने कच्ची अंडी दुधात फेटून प्यायचं काढलं होतं. पूर्वीचे पैलवान प्यायचे म्हणे. मी शोधलं तर १९९८ साली बेल्जियममध्ये माणसांवर मोजून बघितलंय, शिजवलेल्या अंड्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन अंगी लागतं आणि कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन असतं ते बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून ठेवतं, शिजलं की त्याचा जोर जातो. "म्हणजे निम्मे पैसे संडासात," एवढंच मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पातेलं परत चालू. पैशाची भाषा या घरात सगळ्यांना कळते.

आणि उकडायचं म्हणजे तेही शास्त्रच आहे बरं का. ताजी अंडी सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्याचे टवके निघतात, आठवडाभर जुनी असली की सरळ सोलली जातात, कारण दिवस जातात तशी आतला कार्बन डायऑक्साइड टरफलातून निघून जातो आणि पांढऱ्याची पकड सुटते. फार वेळ उकळत ठेवलं तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते, ती बघून लेकाला वाटलं अंडं खराब निघालं. खराब नाही, पांढऱ्यातला गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकमेकांना भेटतात, बाकी काही नाही. त्याच्या आजीने गॅलरीच्या दारातून, उंबरठ्याच्या अलीकडे उभं राहून, पदर नाकाला लावून हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग उतरवायचं कधी?" मी म्हटलं, उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटांनी. तेव्हापासून मी आत पोळ्या करत असले की गॅलरीकडे तोंड न करता हाक येते, "दहा झाली गं."

मग संक्रांत आली.

सासूबाईंनी तिळगूळ नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि तसाच हात धरून ठेवला. "अरे, हळद लावलीस का हाताला?" आम्ही सगळे बघायला लागलो. तळहात पिवळे. म्हणजे हळदीसारखे नाही, पिकलेल्या पपईच्या सालीसारखे, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनाही तीच झाक. मोजे काढले तर तळपायही तसेच. घरात एकदम शांतता. कावीळ हा शब्द पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी उच्चारला आणि लगेच पुढचा उपायही सांगितला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, उतरवणारा एक माणूस माझ्या माहितीत आहे, उद्या उपाशीपोटी जायचं. सासूबाई तयारही झाल्या होत्या. मी रात्रभर झोपले नाही, खरं सांगते, लाइटबिलावरचे सगळे रकाने डोक्यातून गेले.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढून डोळा बघितला, दुसरा बघितला, आणि नाडी वगैरे काही न बघता विचारलं, "गाजरं खाता का?"

"पितो," नवरा म्हणाला. "दोन ग्लास. दिवाळीपासून."

डॉक्टर हसायलाच लागले. काविळीत डोळ्याचा पांढरा भाग आधी पिवळा होतो, याचे डोळे स्वच्छ पांढरे. रक्त तपासलं, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन नॉर्मल. गाजरातलं बीटा-कॅरोटिन शरीर लागेल तेवढंच व्हिटॅमिन ए मध्ये बदलून घेतं, उरलेलं रक्तात फिरत राहतं आणि जाड कातडीत, चरबीत जाऊन बसतं. कॅरोटिनेमिया म्हणतात, धोका काही नाही, ज्यूस बंद करा हळूहळू जाईल. अडीच दिवसांचं ए एका ग्लासात हा आकडा मी ज्या अभिमानाने वाचून दाखवला होता तो आता याच्या तळहातावर लिहिलेला होता. "मग गोळ्या घेऊ का त्याच्या?" नवऱ्याने विचारलंच, त्याला कशाचं काय. डॉक्टर एकदम गंभीर झाले. फिनलंडमध्ये एकोणतीस हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, १९९४ ला छापून आला, बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल असं वाटलं होतं तर उलट वाढलेला निघाला. गाजरातलं वेगळं आणि डबीतलं वेगळं. नवऱ्याने सिगरेट कॉलेजात सोडलीय असं तो म्हणतो, तेव्हा मात्र माझ्याकडे बघत नव्हता.

रंग जायला वेळ लागला. रंगपंचमीला जुन्या नाशकात जाऊन रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा मारून आला, नखशिखांत रंगलेला, तर आंघोळीनंतर हातावरचा रहाडीचा कुठला आणि गाजराचा कुठला हे आम्हाला काही ठरवता येईना.

डॉक्टरांनी जाताजाता एक सांगितलं होतं, गाजर नुसतं पिण्यापेक्षा थोड्या तेलातुपाबरोबर खा, कॅरोटिन फॅटशिवाय नीट शोषलं जात नाही. हे ऐकल्यावर मला घरातली तिसरी पार्टी आठवली जिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सासूबाई. त्या हिवाळाभर एक दिवसाआड गाजराची कोशिंबीर करतात. जाडसर किस, वर दाण्याचं कूट, लिंबू, किंचित साखर, आणि छोट्या कढल्यात तेल तापवून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी, ती ओतली की किस चर्रर्र करून आवाज देतो आणि कडेचा केशरी रंग तेलात उतरतो. तेलात उतरलेला तो रंग म्हणजेच कॅरोटिन. फायबर जागेवर, फॅट जागेवर, लिंबाचं सी वरून. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने एकही आकडा न बघता केलेली कोशिंबीर, आणि आम्ही साडेपाच हजारांचं मशीन घेऊन हात पिवळे करून बसलो.

बाकी गाजराने दृष्टी गरुडासारखी होते हे मात्र खोटंच. ए नसेल तर रातांधळेपणा येतो, म्हणून तर अंगणवाडीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. पण पुरेसं असताना वरून ओतलं तर डोळा काही जास्त बघत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आपले वैमानिक गाजरं खातात म्हणून अंधारात जर्मन विमानं टिपतात असं छापून आणलं, विमानातलं रडार लपवायला तेवढंच बरं. सासूबाईंचा मोतीबिंदू एवढ्या कोशिंबिरींनंतरही झालाच, आणि ऑपरेशन करूनच गेला.

त्यांचं बी-१२ मात्र दरवर्षी खाली येतं आणि इंजेक्शनं घ्यावी लागतात. डॉक्टरांनी त्यांनाही सुचवून बघितलं, आजी, निदान एक उकडलेलं अंडं, या वयात प्रोटीन पाहिजे. त्यांनी हात जोडले. जबरदस्ती करण्यात अर्थ नाही, दूध-दही-पनीर-डाळ वाढवली. माणूस जन्मभर जे पाळतो त्याचाही त्याला काहीतरी आधार असेल.

मला राग येतो तो वेगळ्या ठिकाणी. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. ती सांगायची, अंड्याच्या दिवशी हजेरी भरते. एक पहिलीतली मुलगी अर्धंच खायची आणि अर्धं वहीच्या पानात गुंडाळून धाकट्या भावाला न्यायची, बाईंनी विचारलं तर म्हणाली पिवळं त्याला आवडतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला. ज्यांच्या घरी ज्यूसर आहे त्यांनी अंडं चांगलं का गाजर हे खुशाल भांडत बसावं, मीपण भांडले. पण लाइटबिलाच्या मागे मी मारे रकाने आखले त्यात त्या मुलीसाठी जागाच नव्हती.

लेक आता तीन अंडी घेतो, तिन्ही आख्खी. मांजर दोन दिवस गॅलरीखाली ओरडलं, मग पलीकडच्या बिल्डिंगला गेलं. ज्यूसर माळ्यावर.

परवा बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले होते. गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे एक मावशी ओल्या गोणपाटावर गाजरं घेऊन बसलेल्या, लाल लांबडी वेगळी, केशरी वेगळी, माती अजून लागलेली. मी किती ते सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ज्यूसला पायजे का हलव्याला?"

"नुसती खायला."

त्यांनी मोठ्या ढिगातला हात काढून घेतला आणि मागच्या टोपलीतली बोटाएवढी बारकी काढली. "मंग ही न्या. ज्यूसवाले घेत नाहीत ही, पाणी कमी सुटतं." एक पदराला पुसून माझ्या हातात दिलं. मी तिथेच उभी राहून खाल्लं, दाताखाली थोडी माती आली, आणि अर्धा किलोच घ्यायचं ठरवून गेले होते ते सव्वा किलो घेऊन घरी आले.